परक्या ‘पासिंग’ची गाडी : वास्तव्य, सीमा आणि वाहननोंदणी यांचा वऱ्हाडच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एका राज्यात किंवा देशात नोंदविलेले वाहन घेऊन दुसरीकडे वास्तव्य करणाऱ्या व्यक्तीस त्या वाहनाचा मूळ नोंदणी क्रमांक किती काळ टिकविता येतो, हा प्रश्न सामान्यतः परिवहन प्रशासनाचा मानला जातो. प्रस्तुत निबंधात तो इतिहासाचा प्रश्न म्हणून विचारात घेतला आहे. रिद्धपूर व वऱ्हाड हा प्रदेश केंद्रस्थानी ठेवून सार्वभौमत्व, प्रशासन व वास्तव्य या तीन गोष्टी एकमेकींपासून कशा अलग राहत आल्या, हे येथे पाहिले आहे. वाहनावरील क्रमांक हा मालकाच्या मुळाचा पुरावा नसून त्याच्या मुक्कामाविषयी शासनाने केलेले गृहीतक आहे आणि हे गृहीतक सर्व स्थलांतरितांना सारख्याच न्यायाने लावले जात नाही, असे प्रतिपादन करण्याचा हा प्रयत्न आहे.

बीजसंज्ञा : वऱ्हाड, रिद्धपूर, वाहननोंदणी, वास्तव्य, राज्य पुनर्रचना, भारत मालिका.

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे काशीक्षेत्र मानले जाते. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या या गावी महाराष्ट्राबरोबरच पंजाब, हरियाणा, दिल्ली या भागांतील अनुयायी येत असतात. उत्तरेकडे हा पंथ ‘जयकृष्णी’ या नावाने ओळखला जातो. यात्रेच्या काळात मठांच्या परिसरात उभ्या असलेल्या वाहनांचे क्रमांक वाचत गेल्यास अमरावतीच्या एमएच-२७ व अकोल्याच्या एमएच-३० या क्रमांकांच्या शेजारी पीबी, एचआर, डीएल ही अक्षरे सहज दिसतात. मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने ‘एमपी पासिंग’ची वाहने तर रोजच्याच पाहण्यातली आहेत.

या वाहनांचे मालक मात्र एकाच प्रकारचे नाहीत. कोणी दोन दिवसांत परतणारा यात्रेकरू असतो, कोणी मठात वर्षानुवर्षे राहणारा साधक असतो, कोणी संत्र्याच्या हंगामात मोर्शी-वरूड पट्ट्यात मुक्काम करणारा व्यापारी असतो, तर कोणी बदलीवर आलेला नोकरदार असतो. गाडीवरचा क्रमांक पाहून या चौघांतील फरक कळत नाही. कायद्याला मात्र नेमका तोच फरक करावयाचा असतो. पाहुणा कोण आणि रहिवासी कोण, हे ठरविल्याशिवाय बाहेरच्या क्रमांकाची गाडी चालू द्यावी की नव्याने नोंदवावयास लावावी, याचा निर्णय होऊ शकत नाही.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) वाहननोंदणीतील ‘परकेपणा’ ही कल्पना ऐतिहासिकदृष्ट्या कशी घडली, ते पाहणे, (२) वऱ्हाडच्या विशिष्ट राजकीय इतिहासाच्या आधारे तिची तपासणी करणे, (३) आजच्या स्थलांतरिताच्या दृष्टीने तिचे मूल्यमापन करणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, आंतरराष्ट्रीय करार व न्यायालयीन निर्णय हे प्रमुख आधार मानले आहेत.

१. मुक्काम आणि उपरेपणा : रिद्धपूरची पार्श्वभूमी

रिद्धपूरच्या इतिहासाचा आरंभच एका परप्रांतीयाच्या आगमनाशी जोडलेला आहे. पंथीय परंपरेनुसार श्रीचक्रधर हे मूळचे गुजरातेतील भडोचचे. रामटेकच्या यात्रेस निघालेले हे राजपुत्र रिद्धपूरला आले, गोविंदप्रभूंच्या भेटीने त्यांचे जीवन पालटले आणि पुढे त्यांनी मराठी भाषेतून आपले तत्त्वज्ञान सांगितले. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेले ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील आद्य गद्य चरित्र मानले जाते. त्याच्या निर्मितीशीही रिद्धपूरचे नाव निगडित आहे. या वारशाच्या स्मरणार्थच राज्य शासनाने रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापण्याचा निर्णय घेतला व २०२३ मध्ये त्यासाठी कायदा करण्यात आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ज्या पुरुषाने आपल्या अनुयायांना महाराष्ट्रात राहण्याची आज्ञा केली, तो स्वतः जन्माने महाराष्ट्राबाहेरचा होता. पंथाच्या आचारधर्मात वास्तव्याला मोठे महत्त्व आहे. परंतु ते वास्तव्य जन्मभूमीवर आधारलेले नाही. उलट आप्तस्वकीयांपासून दूर, ओळख नसलेल्या ठिकाणी राहावे आणि एका गावी फार काळ न गुंतता अटन करावे, असा संन्याशासाठीचा दंडक आहे. पुढे याच पंथाचे अनुयायी पंजाबात व त्याही पलीकडे अफगाणिस्तानापर्यंत पोहोचले. येणारा व जाणारा असे दोन्ही प्रवाह रिद्धपूरच्या परंपरेत आहेत. त्यामुळे ‘मूळचा’ आणि ‘बाहेरचा’ हा भेद येथे कधीच साधा नव्हता.

मराठी मुलुखाच्या महसुली परिभाषेतही हा भेद होता. वंशपरंपरेने जमीन कसणारा तो मिरासदार, आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपरी गावात राहू शके, सारा भरू शके. परंतु मिरासदाराचे हक्क व मान त्याला नसत. आजच्या भाषेतील ‘उपरा’ हा शब्द याच कल्पनेची आठवण देतो. मात्र उपऱ्याने मिरासदार होण्यासाठी अमुक महिन्यांची मुदत, असा सार्वत्रिक हिशेब त्या व्यवस्थेत नव्हता. वास्तव्याची मोजणी महिन्यांत करणे ही आधुनिक शासनाची रीत होय आणि मोटारगाडीच्या बाबतीत ती विशेष स्पष्टपणे दिसते.

२. वऱ्हाड : एकाचे सार्वभौमत्व, दुसऱ्याचा कारभार

मोटारगाडी हिंदुस्थानात आली तेव्हा वऱ्हाडची राजकीय स्थिती असाधारण होती. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडचा मुलूख कंपनी सरकारच्या व्यवस्थापनाखाली दिला. पुढे ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारान्वये लॉर्ड कर्झनच्या काळात वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या भाडेपट्ट्याने ब्रिटिशांकडे राहिला आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे सोपविण्यात आला. मात्र या सर्व व्यवहारात निजामाचे सार्वभौमत्व संपुष्टात आले नव्हते.

त्याचे परिणाम केवळ औपचारिक नव्हते. कायद्याच्या दृष्टीने वऱ्हाड हा ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हता. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातील कायदे तेथे परकीय अधिकारक्षेत्रासंबंधीच्या आदेशान्वये अधिसूचना काढून लागू करावे लागत. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कायदेमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदारांनी निवडून दिल्यावरही तांत्रिकदृष्ट्या गव्हर्नरने ‘नियुक्त’ केलेले मानले जात. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ४७ मध्ये वऱ्हाड निजामाच्या सार्वभौमत्वाखाली असल्याचे स्पष्टपणे नमूद करून मध्य प्रांत व वऱ्हाड हा एकच गव्हर्नरचा प्रांत समजण्यात यावा, अशी तरतूद केली गेली. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारानंतर निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी प्राप्त झाली. पुढे १९४१ मध्ये ‘बेरार लॉज अ‍ॅक्ट’ करून अनेक कायद्यांचा अंमल वऱ्हाडवर विधिवत विस्तारित करण्यात आला.

मोटार वाहनांसंबंधीचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ चा. त्यात तपशिलाचे नियम करण्याचे अधिकार प्रांतिक सरकारांकडे होते. त्यानंतर १९३९ चा सविस्तर कायदा आला. या काळातील अमरावतीचा किंवा अकोल्याचा मोटारमालक डोळ्यांसमोर आणल्यास चित्र असे दिसते : तो राहतो त्या भूमीचा सार्वभौम निजाम आहे, त्याच्या गाडीची नोंद मध्य प्रांताच्या प्रशासनाकडे आहे आणि त्याला लागू असलेला कायदा दिल्लीत झालेला आहे. गाडीवरील क्रमांक यांपैकी फक्त मधली गोष्ट सांगतो. सार्वभौम कोण, हे सांगण्याचे काम नोंदणी क्रमांकाने वऱ्हाडात कधीच केले नाही. कारभार कोणाचा आणि कर कोणाकडे भरावयाचा, एवढेच त्यावरून समजत असे.

ही विसंगती सीमेवर अधिक ठळक होई. पैनगंगेच्या पलीकडे हैदराबाद संस्थान होते आणि त्याची स्वतःची जकात, म्हणजे ‘करोडगिरी’, होती. महानुभावांसह सर्व दत्तोपासकांना पूज्य असलेले माहूर हे क्षेत्र त्या वेळी संस्थानात होते. रिद्धपूरहून माहूरला जाणारा प्रवासी वस्तुतः निजामाच्या सार्वभौमत्वाखालील एका मुलुखातून त्याच निजामाच्या दुसऱ्या मुलुखात जात असे. तरीही त्याला मध्ये करोडगिरीचा नाका लागे. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात हे नाके आंदोलकांच्या हल्ल्याचे लक्ष्य ठरले, यावरून सामान्य माणसाच्या मनातील त्यांचे स्थान ध्यानी येते. याउलट रिद्धपूरहून उत्तरेकडे बैतूल, मुलताई किंवा छिंदवाड्याकडे जाणाऱ्यास प्रांताची सीमा ओलांडावी लागत नव्हती. सातपुड्यापलीकडचा हा भाग कारभाराच्या दृष्टीने ‘घरचा’ होता आणि पैनगंगेपलीकडचा मराठी मुलूख ‘परका’ होता.

३. गाडी न हलता बदललेले राज्य

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडचे १९५० मध्ये मध्य प्रदेश झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अंमलात येऊन विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले आणि हैदराबाद राज्यातील मराठवाडाही त्याच राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे रिद्धपुरात दाराशी उभी असलेली एखादी गाडी जागची न हलता दहा-अकरा वर्षांत मध्य प्रदेश, मुंबई व महाराष्ट्र अशा तीन राज्यांत राहून गेली.

या घटनेचा अर्थ येथे नीट पाहणे आवश्यक आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या एका दिवसात रिद्धपूरच्या रहिवाशासाठी ‘घरची’ व ‘परकी’ गाडी यांची अदलाबदल झाली. माहूर व नांदेडकडची वाहने, जी १९४८ पर्यंत संस्थानी व नंतर परराज्याची होती, ती स्वराज्याची झाली. बैतूल व छिंदवाड्याकडची वाहने, जी १९०३ पासून एकाच कारभाराखालील होती, ती परराज्याची झाली. पांढुर्णा, सौंसर या भागांतील मराठी भाषिक वस्ती सीमेपलीकडे राहिली. त्यांचे वऱ्हाडाशी असलेले रोटी-बेटीचे व बाजारहाटाचे संबंध मात्र तुटले नाहीत. मोर्शी तालुक्यातील सालबर्डी हे तर थेट सीमेवरचेच स्थान. श्रीचक्रधरांच्या तपश्चर्येशी जोडलेल्या या क्षेत्री महाशिवरात्रीस येणारा भाविक दोन राज्यांच्या हद्दींत वावरत असतो. भाविकाच्या दृष्टीने ते एकच क्षेत्र आहे.

राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने हस्तांतरित प्रदेशात पूर्वीचे कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. त्यामुळे विदर्भात काही काळ १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाड मोटार वाहन कर कायदाच लागू होता. १९५८ च्या मुंबई मोटार वाहन कर कायद्याने संपूर्ण राज्यासाठी एकत्रित व्यवस्था केली. सीमा सरकल्या तेव्हा शासनाने माणसांना व वाहनांना सवड दिली, जुन्या व्यवस्थेचे सातत्य मान्य केले आणि बदल हळूहळू आणला. सीमा स्थिर राहून माणूस सरकतो तेव्हा मात्र अशी सवड दिली जात नाही. हा फरक प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे.

याच स्वरूपाचा अनुभव अलीकडे तेलंगणाने घेतला. २०१४ मध्ये नवे राज्य झाल्यावर तेथे ‘टीएस’ ही अक्षरे आली आणि मार्च २०२४ पासून नव्या वाहनांसाठी ‘टीजी’ ही अक्षरे लागू झाली. एकाच रस्त्यावर, एकाच शहरातील रहिवाशांच्या वाहनांवर तीन प्रकारची अक्षरे दिसणे, हे क्रमांक आणि मूळ यांचा संबंध किती क्षीण आहे याचेच उदाहरण होय.

४. बारा महिन्यांचा नियम व त्याची मुळे

१९३९ च्या कायद्याच्या कलम २८ नुसार एका प्रांतात नोंदविलेले वाहन अन्यत्र पुन्हा नोंदविण्याची गरज नव्हती. परंतु लगेच पुढील कलम २९ नुसार ते दुसऱ्या प्रांतात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घेणे बंधनकारक होते. १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हीच रचना कलम ४६ व ४७ मध्ये कायम आहे. कलम ४६ सांगते की नोंदणी संपूर्ण भारतात परिणामकारक राहील. कलम ४७ सांगते की हे वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवल्यास तेथील क्रमांक घ्यावा. योगायोगाने वऱ्हाडचे द्विविध स्थान सांगणाऱ्या १९३५ च्या कायद्यातील कलमाचा क्रमांकही ४७ च होता.

बारा महिन्यांची ही मर्यादा आंतरराष्ट्रीय मोटार वाहतुकीच्या व्यवस्थेतही आढळते. १९०९ च्या पॅरिस करारात परदेशी प्रवास करणाऱ्या वाहनासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची कल्पना मांडली गेली व त्याची मुदत एक वर्ष ठरली. १९२६ च्या पॅरिस करारानेही हीच दिशा ठेवली. १९४९ च्या जिनिव्हा करारात एखादे वाहन सलग एक वर्षाहून अधिक काळ देशात राहिल्यास कराराच्या सवलती देण्याचे बंधन त्या देशावर राहणार नाही, असे स्पष्ट केले गेले. भारताने १९६२ मध्ये या करारात प्रवेश केला. खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीविषयीचा १९५४ चा न्यूयॉर्क करार तर मूलतः त्याच व्यक्तींसाठी आहे, ज्यांचे नेहमीचे वास्तव्य त्या देशाबाहेर आहे. थोडक्यात, एक वर्षापर्यंत पाहुणा, त्यानंतर रहिवासी हे सूत्र दोन सार्वभौम देशांतील व्यवहारासाठी वापरले गेले.

प्रस्तुत अभ्यासकाच्या मते येथे एक महत्त्वाची गल्लत संभवते. दोन देशांमध्ये पाहुणा व रहिवासी यांच्यात नागरिकत्वाचा, जकातीचा व परकीय अधिकारक्षेत्राचा फरक असतो. एका संघराज्याच्या दोन घटकांमध्ये असा कोणताही फरक नाही. भारतीय नागरिकत्व एकेरी आहे. देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९ ने दिले आहे. तरीही वाहनाच्या बाबतीत सीमेपलीकडच्या राज्यातील नागरिक हा व्यवहारतः परदेशी पाहुण्याच्या मापाने मोजला जातो.

५. परदेशस्थ रहिवाशाचा अनुभव

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हे माप अधिक कडक रूपात भेटते. ब्रिटनमध्ये पाहुण्यास परदेशी क्रमांकाची गाडी सर्वसाधारणपणे बारा महिन्यांत सहा महिने वापरता येते. तेथील रहिवाशास मात्र ही सवलत नसते आणि वाहन तेथे नोंदवून कर भरावा लागतो. म्हणजे एकच गाडी, एकाच रस्त्यावर, पाहुण्याच्या हाती वैध व रहिवाशाच्या हाती अवैध ठरू शकते. गाडीत काहीच बदललेले नसते, बदललेला असतो तो चालविणाऱ्याचा मुक्काम.

युरोपीय समुदायाच्या १९८३ च्या निर्देशाने (८३/१८२) ‘नेहमीचे वास्तव्य’ या संकल्पनेची व्याख्या केली. वर्षातील किमान १८५ दिवस व्यक्ती जेथे वैयक्तिक व व्यावसायिक संबंधांमुळे राहते ते तिचे नेहमीचे वास्तव्य. व्यवसाय एका देशात आणि घरदार दुसऱ्या देशात असल्यास काही अटींवर वैयक्तिक संबंधांचे स्थान ग्राह्य मानले जाते. ग्रीस व इटली या दोन्ही देशांत संबंध असलेल्या एका व्यक्तीच्या २००१ मधील खटल्यात युरोपीय न्यायालयाने सर्व घटकांचा एकत्रित विचार करावा आणि त्यातून निष्कर्ष निघत नसेल तर वैयक्तिक संबंधांना प्राधान्य द्यावे, असे सांगितले. केवळ दिवस मोजून माणसाचे घर ठरत नाही, ही या निर्णयातील मूलभूत जाणीव आहे.

अमेरिकेत हा प्रश्न देशांतर्गत स्वरूपातही आहे. तेथे राज्याराज्यांचे नियम वेगळे असून कॅलिफोर्नियात वास्तव्य सुरू केल्यानंतर २० दिवसांत, तर न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांत वाहनाची नवी नोंदणी अपेक्षित असते. भारतातील बारा महिन्यांपेक्षा ही मुदत पुष्कळ कमी आहे. त्यामुळे संघराज्य म्हटले की सवलत आलीच, असे म्हणता येत नाही. एवढे मात्र खरे की, सर्वत्र वादाचा विषय वाहन नसून ‘रहिवासी’ या शब्दाची व्याख्या हाच आहे.

६. कर, संघराज्य आणि न्यायालये

भारतीय संविधानात वाहनांवरील कर हा राज्यसूचीतील नोंद ५७ चा विषय आहे, तर यांत्रिक वाहने व त्यांच्या करआकारणीची तत्त्वे समवर्ती सूचीतील नोंद ३५ मध्ये येतात. नोंदणी देशभर वैध असली तरी कर राज्याचा, या दुहेरी रचनेतून संघर्ष निर्माण होतो. त्याचे जुने उदाहरण राजस्थानचे आहे. अजमेर हे वेगळे राज्य असताना तेथील बसगाड्या मार्गाचा काही भाग राजस्थानातून जात असल्याने त्यांच्यावर १९५१ च्या राजस्थान कायद्यान्वये कर मागितला गेला. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यांच्या वापराचा मोबदला म्हणून घेतलेला कर हा कलम ३०१ मधील व्यापारस्वातंत्र्याला बाधा आणीत नाही, असा ‘प्रतिपूरक कर’ सिद्धांत स्वीकारला. नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जिंदाल स्टेनलेस प्रकरणात हा सिद्धांत नाकारला आणि बाहेरच्या वस्तूंशी भेदभाव करणारा करच कलम ३०४ खाली निषिद्ध ठरतो, अशी भूमिका घेतली.

या वादाची दैनंदिन बाजू कर्नाटकात दिसली. तेथे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून राज्याबाहेरचे वाहन ३० दिवसांपेक्षा अधिक राहिल्यास आजीवन कराची मागणी करण्यात आली. नोकरीनिमित्त बंगळुरूत गेलेल्या अनेकांना, त्यांत मराठी तरुणही आले, याची झळ बसली. २०१६ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. केंद्रीय कायदा बारा महिन्यांची मुभा देत असताना राज्याने करकायद्याच्या वाटेने ती ३० दिवसांवर आणणे, हा या वादाचा गाभा होता.

राज्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. रस्ते बांधणे व राखणे यावर राज्य खर्च करते. कर कमी असलेल्या प्रदेशात केवळ कागदोपत्री पत्ता दाखवून महागडी वाहने नोंदविण्याचे प्रकार घडतात. २०१७ मध्ये पुदुच्चेरीत नोंदविलेल्या व केरळात वापरल्या जाणाऱ्या वाहनांवरून मोठी चर्चा झाली होती. करचुकवेगिरीला आळा घालणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. प्रश्न आहे तो करचुकवा आणि स्थलांतरित यांना एकाच मापाने मोजण्याचा.

प्रामाणिक स्थलांतरितासमोरील प्रक्रिया पाहिल्यास हा मुद्दा स्पष्ट होतो. मूळ राज्याच्या परिवहन कार्यालयाकडून कलम ४८ प्रमाणे ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावयाचे, कर्ज असल्यास बँकेची संमती जोडावयाची, नव्या राज्यात अर्ज व कर भरून क्रमांक घ्यावयाचा आणि त्यानंतर मूळ राज्याकडे उर्वरित काळाच्या कराचा परतावा मागावयाचा. म्हणजे काही काळ तरी नागरिकाची रक्कम दोन्ही राज्यांच्या तिजोरीत अडकते. आपसांत हिशेब करण्याची यंत्रणा दोन राज्यांकडे असू शकते. तरीही ते काम एकट्या नागरिकावर टाकले जाते. शिवाय वाहन कोणत्या दिवशी राज्यात आले हे क्रमांकावर लिहिलेले नसते. म्हणून पथकर नाक्याची पावती, घरभाड्याचा करार, नियुक्तीपत्र अशा कागदांवर त्याची भिस्त राहते. सालबर्डीसारख्या ठिकाणी आठवड्यातून तीनदा सीमा ओलांडणाऱ्याचे बारा महिने कोठून मोजावयाचे, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत सापडत नाही.

७. भारत मालिका : मर्यादित उत्तर

केंद्र शासनाने २६ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचना काढून १५ सप्टेंबर २०२१ पासून ‘भारत मालिका’ सुरू केली. ‘बीएच’ अक्षरांच्या या क्रमांकास राज्य बदलल्यावर नवी नोंदणी लागत नाही आणि कर दोन वर्षांच्या किंवा त्याच्या पटीतील टप्प्यांनी भरता येतो. कराचा दर वाहनाच्या किमतीनुसार ८, १० व १२ टक्के असा ठरविण्यात आला. डिझेल वाहनांसाठी तो २ टक्के अधिक व विजेवरील वाहनांसाठी २ टक्के कमी आहे. डिसेंबर २०२२ मधील दुरुस्तीने आधी नोंदविलेल्या वाहनांनाही पात्रतेच्या अटीवर या मालिकेत येण्याची वाट मोकळी झाली.

क्रमांकाला राज्यापासून मुक्त करणारी ही पहिली व्यापक सोय होय. परंतु तिची पात्रता पाहता ती सर्वांची नाही. संरक्षण दलातील, केंद्र व राज्य शासनाच्या सेवेतील, सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांतील कर्मचारी यांच्यासाठीच ती योजिली आहे. संत्र्याचा व्यापारी, हंगामी कारागीर, मठातील साधक, एकाच राज्यात शाखा असलेल्या खासगी संस्थेतील नोकरदार किंवा सीमेपलीकडच्या अशा संस्थेत तासिका तत्त्वावर शिकविणारा अध्यापक यांना ती उपलब्ध नाही. ज्याचे स्थलांतर आस्थापनेच्या आदेशाने होते तो देशाचा रहिवासी ठरतो आणि ज्याचे स्थलांतर पोटासाठी किंवा श्रद्धेसाठी होते तो राज्याचा उपरी राहतो, असा याचा अर्थ होतो. मिरासदार व उपरी हा जुना भेद नव्या अक्षरांत परत येण्याचा धोका येथे आहे.

निष्कर्ष

१. वाहनाचा नोंदणी क्रमांक हा सार्वभौमत्वाचा किंवा मालकाच्या मुळाचा निदर्शक नाही. निजामाच्या सार्वभौमत्वाखालील वऱ्हाडात मध्य प्रांताच्या प्रशासनाकडे नोंदविलेली वाहने चालत होती, हे त्याचे ऐतिहासिक प्रमाण आहे.

२. १९५६ च्या पुनर्रचनेने रिद्धपूरच्या परिसरासाठी ‘घरचे’ व ‘परके’ यांची अदलाबदल केली. वाहनातील परकेपणा हा सीमेचा परिणाम आहे, माणसाचा गुण नाही.

३. बारा महिन्यांच्या मर्यादेचे सूत्र सार्वभौम देशांमधील पाहुण्यांसाठीच्या व्यवस्थेशी समांतर आहे. एकेरी नागरिकत्व असलेल्या संघराज्यात ते तसेच वापरणे तर्कसंगत ठरत नाही.

४. परदेशातील व्यवस्थांत नियम कडक असले तरी ‘वास्तव्य’ या संकल्पनेची व्याख्या व तिच्यातील वैयक्तिक संबंधांचे स्थान यांचा विचार झालेला आहे. भारतीय कायद्यात ही व्याख्या अधिक स्पष्ट होणे आवश्यक आहे.

५. राज्यांनी कराचा परतावा नागरिकामार्फत न करता आपसांत समायोजित करावा आणि भारत मालिकेची पात्रता आस्थापनेच्या प्रकारावर न ठेवता स्थलांतराच्या वस्तुस्थितीवर ठेवावी, असे या अभ्यासावरून सुचवावेसे वाटते.

समारोप

रिद्धपूरला भडोचहून आलेल्या एका प्रवाशाने मराठी भाषेला तिचा आद्य गद्यग्रंथ मिळण्याची भूमी तयार केली. तो किती महिने राहिला म्हणून मराठी ठरला, असा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याने येथील भाषा स्वीकारली व येथील माणसांत तो मिसळला, एवढेच पुरेसे मानले गेले. शासनाला कर हवा, नोंद हवी व रस्त्यावर शिस्तही हवी, यात दुमत नाही. परंतु रस्त्यावर थांबविलेल्या परक्या ‘पासिंग’च्या गाडीकडे पाहताना आत बसलेला माणूस याच देशाचा रहिवासी आहे, हे गृहीत धरूनच पुढील विचारपूस व्हावी, एवढी अपेक्षा वऱ्हाडच्या इतिहासावरून निश्चितच करता येते.